बडोद्याच्या विजयाबाई

बडोदे, नोव्हेंबर १९३४. तुम्ही मांडवीच्या कमानींखाली उभे आहात. लेहरीपुरा दरवाज्याकडे एक टांगा निघालाय. टांगेवाला घोड्याशी गुजरातीत बोलतोय, मागे बसलेल्या बाई मुलीला मराठीत दटावताहेत, आणि याचं इथं कोणालाच नवल नाही. राज्य सयाजीराव महाराजांचं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं, गावोगाव वाचनालयं, विधवाविवाहाला कायद्याची मान्यता, १९३१ पासून हिंदूंसाठी घटस्फोटाचाही कायदा. यंदाचं मराठी साहित्य संमेलनही याच शहरात, ना. गो. चापेकर अध्यक्ष.

४ तारखेला इथंच जयवंतांच्या घरी मुलगी जन्मली, विजया. घरंदाज बायकांनी सिनेमात जावं का, हा वाद अजून शमलेला नाही. 'अयोध्येचा राजा'तल्या तारामतीला, दुर्गा खोट्यांना, पडद्यावर येऊन जेमतेम दोन वर्षं झालीत. ही मुलगी पुढे त्यांचीच सून होणार आहे.

आता साठचं दशक, मुंबई. विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्या साथीनं विजयाबाईंनी 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी केली आहे. आज आयनेस्कोचं 'खुर्च्या'. म्हातारा-म्हातारी न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत राहतात, आणि रिकाम्या रंगमंचावर तुम्हाला गर्दी जाणवू लागते. सिनेमा अजून लांब आहे. नायिकेची म्हणतात ती सगळी वर्षं बाईंनी नाटकालाच दिली. श्याम बेनेगलांच्या 'कलियुग'मध्ये त्या दिसतात तेव्हा १९८१ साल उजाडलंय.

१९८४. गोविंद निहलानींचा 'पार्टी', मूळ नाटक महेश एलकुंचवारांचं. तुम्ही दमयंती राणे यांच्या दिवाणखान्यात शिरता. बक्षीस मिळालेल्या नाटककारासाठी मेजवानी आहे. ग्लास भरताहेत, कवी, नट, डॉक्टर, पत्रकार बोलताहेत. तुम्ही यजमानीणबाईंकडेच बघा. प्रत्येकाचं स्वागत त्या मनापासून करतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक थकवा आहे, आणि पाहुण्यांपैकी कोणालाही तो दिसत नाही. 'खुर्च्या'त नसलेली माणसं दिसायला लागतात. इथं खोली खच्चून भरलेली, तरी सगळं बोलणं न आलेल्या अमृत नावाच्या माणसापाशी येऊन थांबतं. नाटकात वर्षानुवर्षं घोटलेलं कसब बाईंनी इथं फक्त नजरेत आणलंय. एवढ्या जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे आवाज न चढवता उभं राहणं ही मला त्यांची सर्वांत मोठी कमाई वाटते.

आणि १९८६चा 'रावसाहेब'. जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'वरून बेतलेला. दिग्दर्शन बाईंचं, आणि त्यातली विधवा मावशीही त्यांचीच. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर सुधारणेच्या गोष्टी करतो, पण वाड्यातली रूढी जागची हलत नाही. मांडवीखाली ऐकलेले ते कायदे तुम्हाला इथं आठवतील. कायदा दरबारात मंजूर होतो. माजघरात तो कधी पोचला, कधी नाही, याचा हिशेब मावशीच्या आयुष्यात आहे, आणि बाईंनी त्याचं रडगाणं केलेलं नाही. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दोन वर्षांनी 'पेस्तनजी' येतो. पडद्यावर नसीरुद्दीन शाह, शबाना आझमी, अनुपम खेर, बाई दिग्दर्शनात. चित्रपट सुंदरच आहे. तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडताना तुम्हाला वाटतं, पन्नाशीनंतरच्या बायकांच्या अशा आणखी चार-पाच भूमिका कोणीतरी विजयाबाईंसाठी लिहायला हव्या होत्या.