चार मागांचा मालक

कापड विकत घेताना आपण पोत पाहतो, रंग पाहतो, भाव करतो. ते किती मागांच्या कारखान्यात विणलं गेलं, हे कुणी विचारत नाही. सरकार मात्र हेच विचारत आलं, आणि त्या एका प्रश्नानं आमच्या भिवंडीचा चेहरा घडवला.

गोष्ट जुनी आहे. 1896 मध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची मर्जी राखण्यासाठी इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या गिरणी कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. देशभर संताप झाला, तरी तो कर डिसेंबर 1925 पर्यंत टिकला. हातमागाला मात्र त्यातून सूट होती. 1857 नंतरच्या काळात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडीत हातमागच टाकले होते. पुढे वीज आली आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. पण ‘मोठ्यावर कर, छोट्याला सूट’ ही रीत स्वातंत्र्यानंतरही राहिली.

1950 च्या दशकात यंत्रमागाच्या कापडावर अबकारी कर आला. चार मागांपर्यंतच्या कारखान्याला त्यातून माफी होती. गरीब विणकर तगावा, हा हेतू चांगलाच होता. पण वीस-चोवीस मागांच्या मालकांनीही त्यातून वाट काढली. छप्पर एकच, कागदावर मात्र कारखाने पाच-सहा. चार माग भावाच्या नावावर, चार बायकोच्या, चार भाच्याच्या. मध्ये एक भिंत आणि दारावर वेगळी पाटी. त्यात 1948 चा फॅक्टरी कायदा वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगारांपासून लागू होत असे. म्हणजे तुकडे केले की करही चुके आणि कामगारांची हजेरी, जादा कामाचा दुप्पट पगार, भरपगारी रजा हेही टळे. महाराष्ट्रानं 2015 च्या दुरुस्तीनं ही मर्यादा वीसवर नेली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेतही ती वीसच आहे.

मी कविता लिहितो, म्हणून पाट्यांवरची नावं वाचायची मला सवय आहे. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी पाट्यांवर अशा बायकांची नावं होती, ज्यांनी त्या कारखान्याचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. त्या ‘प्रोप्रायटर’ होत्या. या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. एकट्या मालकीच्या धंद्यात धंदा आणि माणूस कायद्याला वेगळे दिसत नाहीत. कर थकला, सूतवाल्याची उधारी राहिली, तर तगादा त्या नावावर येतो आणि घरातल्या सोन्यापर्यंत पोचतो. 1932 च्या कायद्याखालच्या भागीदारीतही तेच. मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी एलएलपी 2008 च्या कायद्यानं आली आणि एकाच माणसाची कंपनी 2013 च्या. म्हणून कुणी ‘फक्त सही कर’ म्हणालं, तर आपण कशाचे मालक होतो आहोत, हे आधी विचारावं.

तुकडे झाल्याची खरी किंमत पुढे कळली. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि कापडाचं काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळलं. माग वाढले, पण बहुतेक छोटे मालक मजुरीवरच राहिले. सूत शेठचं, कापडही शेठचं, आपला फक्त माग. मजुरी ठरते पिकांवर, म्हणजे इंचात आडवे धागे किती त्यावर. समजा 52 पिकांचं कापड आहे आणि दर पिकाला सात पैसे. मीटरमागे मिळाले तीन रुपये चौसष्ट पैसे. त्यातून वीजबिल, भाडं, दुरुस्ती आणि कारागिराचा पगार. कारागीरही मीटरवर, माग बंद तर त्याची चूल बंद. चार मागांचा मालक दर वाढवून मागू लागला, तर शेठला शेजारचे चार माग मोकळे असतात.

सूटही कायमची नव्हती. 2003 च्या अर्थसंकल्पानं यंत्रमागांना कराच्या साखळीत ओढलं, तेव्हा बंद पाळले गेले. 2004 मध्ये तो कर बहुतांशी ऐच्छिक झाला. 1957 पासून कापड राज्यांच्या विक्रीकरातून जवळजवळ बाहेर होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तेही संपलं. मजुरीच्या विणकामावर आधी 18 टक्के ठरले होते, ते लागू होण्याआधीच 5 वर आणले गेले. वर्षाची मजुरी वीस लाखांच्या आत असेल, तर सहसा नोंदणीची सक्ती नाही. पुन्हा एक आकडा, आणि पुन्हा त्याच्या आत राहण्यासाठी तुकडे करायचा मोह!

पण आता वारं थोडं फिरलं आहे. 2006 च्या लघुउद्योग कायद्यानं छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणं बंधनकारक केलं. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. 1 एप्रिल 2024 पासून आयकरानंही त्याला जोर दिला. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत शेठला तो खर्च दाखवता येत नाही. हे संरक्षण मिळतं ते उद्यम नोंदणी असलेल्याला. ही नोंदणी आधारवर होते आणि तिला फी नाही. मजुरीतून शेठ एक टक्का कर कापतो, तोही आपल्या पॅनवर जमा असतो. विवरणपत्र भरलं तरच तो परत मिळू शकतो, आणि कितीतरी घरं तो तसाच सोडून देतात.

सत्तर वर्षं भिवंडीनं कागदावर लहान दिसण्यात शहाणपण मानलं. त्यानं कर वाचला, हे खरं. पण दर ठरवण्याच्या बैठकीत आपली खुर्ची गेली, आणि कारागिराची रजा तर कधी आलीच नाही. कागदाला भिऊ नका, श्रोतेहो. जो माग तुम्ही चालवता, त्याच्या कागदावर नाव तुमचंच असू द्या, आणि ज्याच्या हातांनी तो चालतो, त्याचंही नाव हजेरीच्या वहीत असू द्या.