पाखरांची छायाचित्रे : एका छंदाची कुळकथा

आमच्या घरामागच्या जास्वंदीवर सकाळी शिंजीर येतो. तो आला की शेजारची दोन मुले मोबाइल सरसावून कुंपणापाशी दबा धरतात, आणि एखादे चित्र मनासारखे उतरले की ओरडतात, "मिळाला!" शब्द गमतीचा आहे. पक्षी तर केव्हाच उडून गेलेला असतो. मग मिळाले ते काय? पण या छंदाची सारी भाषाच मुळी शिकाऱ्याची आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे.

एकोणिसाव्या शतकात पक्षिशास्त्र म्हणजे बंदूक, असाच हिशेब होता. पक्षी मारावा, कातडे सोलून पेंढा भरावा, कपाटात मांडावा आणि मग त्याचे नाव ठरवावे. आपले सालिम अलीसुद्धा याच दाराने आत आले. १९०८ साली, बाराएक वर्षांचे असताना, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी म्हणून विचारायला पोरगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, तिथल्या मिलर्डसाहेबांनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, आणि पुढचे आपणा सर्वांना ठाऊकच आहे.

कॅमेरासुद्धा पहिल्यांदा बंदुकीचेच रूप घेऊन आला बरं का! एतियेन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाला पक्षी पंख कसे हलवतो ते पाहायचे होते. १८८२ साली त्याने खांद्याला लावून नेम धरायची, चाप ओढायची एक बंदूकच केली. तिच्यातून गोळी सुटत नसे, सेकंदाला बारा चित्रे उमटत. पण ते शास्त्रज्ञाचे काम. हौशी माणसाच्या हाती तेव्हा होती ती लाकडी पेटी, तिचा तिपाई, डोक्यावर घ्यायचे काळे फडके आणि काचेच्या जड प्लेटा. प्लेट एकदा वापरली की संपली, दुसरी चढवायची. उडत्या पाखरामागे हे बिऱ्हाड घेऊन कोण धावणार? तेव्हा न हलणारी वस्तू शोधणे आले. पाखराच्या संसारात न हलणारी वस्तू एकच, ती म्हणजे घरटे. शिवाय पाखरू तिथे हटकून परत येते. पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा आरंभ घरट्यापासून झाला तो असा नाइलाजाने, आणि त्याची किंमत पुढे पुष्कळ काळ पाखरांनी मोजली. त्याकडे मी येणारच आहे.

इंग्लंडात यॉर्कशरच्या डोंगराळ मुलखातले थ्वेट नावाचे एक खेडे आहे. तिथले दोन भाऊ, रिचर्ड आणि चेरी कीर्टन. थोरला रिचर्ड लहानपणी घरटी शोधताना झाडावरून पडला, कमरेचे हाड नीट बसले नाही आणि जन्माचा लंगडा झाला. दोघेही लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला होते, म्हणजे तुमच्याआमच्यासारखे चाकरमाने. १८९२ च्या एप्रिलात शहराबाहेर फिरताना चेरीने कस्तुराच्या जातीतल्या एका पाखराचे अंड्यांसकट घरटे टिपले. ते चित्र पाहून रिचर्डच्या डोक्यात कल्पना आली की साऱ्या पुस्तकालाच अशी चित्रे का असू नयेत? १८९५ साली ते पुस्तक निघाले. निसर्गावरचे पुस्तक हाताने काढलेल्या चित्रांऐवजी आरंभापासून अखेरपर्यंत प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजवायचे, हा प्रकार नवा होता. त्याच साली रेजिनाल्ड लॉज नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने घरट्यावर बसलेल्या टिटवीच्या जातीच्या पक्ष्याचे चित्र घेतले आणि पदक मिळवले.

कीर्टन बंधूंच्या युक्त्या ऐकाल तर हसू आवरणार नाही. पाखरू माणसाला भिते, गुराला भीत नाही. मग १९०० साली त्यांनी चक्क एका बैलाचे कातडे आणून पोकळ बैल तयार केला. माणूस आत, कॅमेरा आत आणि बैल कुरणात. एकदा तो बैल आतल्या भावासकट उलटला आणि चारी पाय आभाळाकडे! पण गंमत सोडून द्या. त्या बैलामागचा विचार मोलाचा आहे. पाखराला हुसकायचे नाही, आपणच नाहीसे व्हायचे. आपल्याकडे ज्याला लपण म्हणतात ते हेच.

लपणात बसणाऱ्यांत पुढे एरिक हॉस्किंग झाला. १९३७ साली वेल्समध्ये घुबडाच्या घरट्यापाशी अंधारात जाताना मादीने झडप घातली आणि त्याचा एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यावर तो गडी पुढे कित्येक वर्षे घुबडांचीच चित्रे काढीत राहिला. घुबडावर त्याने राग धरल्याचे दिसत नाही. आणि खरे सांगायचे तर चूक तिची नव्हतीच.

आपल्याकडे या छंदाला मोठा हात लावला तो सिंगापूरच्या एका श्रीमंत चित्रपटगृहमालकाने. लोक वान थो त्यांचे नाव. १९४२ साली जपानी फौजा सिंगापुरावर आल्या तेव्हा ते जहाजाने निसटले. जहाजावर बॉम्ब पडले, अंग भाजले, काही काळ दृष्टीही गेली. तशातून ते हिंदुस्थानात पोचले, त्यांची सालिम अलींशी गाठ पडली, आणि युद्धाची ती वर्षे त्यांनी आपल्या पाखरांच्या मागे काढली. ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हे त्यांचे पुस्तक १९५७ साली निघाले. १९६४ साली तैवानातल्या विमान-अपघातात ते गेले. पैसा होता म्हणून त्यांना उत्तम यंत्रे मिळाली हे खरे, पण झाडावरच्या मचाणात तासन्‌तास घामाघूम होऊन बसणे काही पैशाने होत नाही.

आता ती किंमत. मी कॉलेजात असताना मामाचा कॅमेरा चार दिवसांपुरता मागून आणला होता. मागच्या दारी मधुमालतीच्या वेलात बुलबुलाचे घरटे होते, आत तीन पिले. उजेड पुरेना. मी कात्रीने पुढच्या दोन डहाळ्या छाटल्या. चित्र झकास आले. तिन्ही चोची वासलेल्या, आई अळी घेऊन काठावर. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले तर घरटे रिकामे. कावळ्याला आडोसा उघडा पडलेला दिसायला कितीसा वेळ लागतो! आजी भांडी घाशीत होती. तिने वर न पाहता एवढेच विचारले, "फोटो आला ना रे चांगला?"

जुन्या जाणत्या छायाचित्रकारांना हे माहीत होते. ते डहाळी तोडीत नसत. दोऱ्याने हळूच बाजूला बांधीत आणि काम झाले की सोडून देत. तरीही उन्हाचा चटका लागे, आई घाबरून पिलांना टाकून जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच बसवले आहे. मला वाटते, कायदा करणाऱ्यांनी शब्द अचूक निवडला. आता लांब पल्ल्याची भिंगे आली, एका मिनिटात शेकडो चित्रे फुकट निघतात, म्हणजे घरट्याकडे जाण्याची जुनी अडचण कधीच संपली. तरी माणसे जातातच. अनेक स्पर्धांतून घरट्यांची चित्रे आता स्वीकारीत नाहीत, हे बरेच झाले.

यंदा मधुमालतीत पुन्हा बुलबुल आला आहे. शेजारचा धाकटा परवा माझ्याकडे आला, "आजोबा, एकच पान मधे येतंय. जरासं बाजूला करू का?" मी नको म्हटले आणि त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीआड स्टुलावर बसवला. पाऊण तास बसला बिचारा. चित्रात पान आले आहे, पानामागे निम्मा तुरा आणि एक डोळा. त्याने ते साऱ्या वाड्याला दाखवले.