दहा वाजून आठ मिनिटे

सगळ्या वेळा सौदी अरेबियातल्या आहेत. आपल्या कळमनुरीचे घड्याळ तिथल्यापेक्षा अडीच तास पुढे असते.

मंगळवार, ७ जानेवारी २०२०. डकार रॅली, मोटारसायकली आणि मोटारींची अनेक दिवस चालणारी शर्यत, पहिल्यांदाच सौदीत आलेली. बारा टप्पे, साडेसात हजारांहून अधिक किलोमीटर, बहुतेक वाळू आणि दगडगोटे. त्यात आपल्याकडची एक छोटी टीम होती, हिरो मोटोस्पोर्ट्स. बंगळूरचा सी. एस. संतोष, स्पेनचा ओरिओल मेना, पोर्तुगालचे जोआकिम रॉड्रिग्ज आणि पाउलो गोन्साल्विस असे चार स्वार. गोन्साल्विस हा जोआकिमचा मेहुणा. तिसऱ्या टप्प्यात त्याच्या गाडीचे इंजिन बसले. टीमची माणसे दुसरे इंजिन घेऊन पोचेपर्यंत तो वाळवंटात थांबून राहिला. तिथेच उघड्यावर इंजिन बदलले, गाडी चालू केली आणि टप्पा पुरा केला. जिंकण्याची आशा त्याच दिवशी संपली होती.

शनिवार, ११ जानेवारी. रियाधला विश्रांतीचा दिवस. सहा टप्प्यांनंतर गोन्साल्विस ४६व्या क्रमांकावर. हा २०१३ चा जगज्जेता, २०१५ च्या डकारमधला दुसरा, वय ४०, तेरावी डकार. ४६व्या क्रमांकावर त्याला मिळवायचे ते काय होते? तरी तो घरी गेला नाही. मला हा माणूस इथेच मोठा वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१६ च्या डकारमध्ये बोलिव्हियातल्या उयुनीहून अर्जेंटिनातल्या साल्टाकडे जाताना ऑस्ट्रियाचा माथियास वॉल्कनर पडला, त्याच्या मांडीचे हाड मोडले. गोन्साल्विस तेव्हा स्पर्धेत सर्वांत पुढे होता. एकेका सेकंदासाठी जीव टाकायचा, तिथे तो गाडी बाजूला लावून मदत येईपर्यंत वॉल्कनरजवळ बसला. गेलेली दहाएक मिनिटे आयोजकांनी त्याला नंतर परत दिली. पण थांबताना त्याने हिशेब केला नव्हता.

रविवार, १२ जानेवारी, सकाळ. रियाध ते वादी अल-दवासिर हा सातवा टप्पा. एकूण ७४१ किलोमीटर, त्यातले ५४६ घड्याळ लावून. आपल्याकडे जिजाऊ जयंती होती.

१०:०८. टप्प्याच्या २७६व्या किलोमीटरवर गोन्साल्विस पडल्याचा इशारा नियंत्रण कक्षाला मिळाला. कळमनुरीत १२:३८ झाले होते.

१०:१६. आठ मिनिटांत हेलिकॉप्टर पोचले. वैद्यकीय पथकाला तो बेशुद्ध सापडला, हृदय बंद पडलेले. जागेवरच शर्थ झाली. ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, मागच्या वर्षीचा विजेता, विजेतेपद राखायला आला होता. तो गाडी टाकून तिथे थांबला होता आणि शेवटपर्यंत हलला नाही. गोन्साल्विसला हेलिकॉप्टरपर्यंत उचलून नेणाऱ्यांत त्याचाही हात होता. स्लोव्हाकियाचा श्टेफान स्वित्कोही थांबला.

त्यानंतर. लैला गावच्या रुग्णालयात मृत्यू जाहीर झाला. हिरोच्या टीमने स्पर्धेतून माघार घेतली. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द झाला. पुढच्या वर्षीपासून स्वारांना हवेची पिशवी असलेले जाकीट सक्तीचे झाले. आणि ४ जानेवारी २०२२ ला जोआकिम रॉड्रिग्जने हिरोच्या गाडीवर टप्पा जिंकला. भारतीय कंपनीच्या गाडीचा डकारमधला तो पहिला विजय.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त भिडतो तो थांबण्याचा भाग. हिंगोली-नांदेड रस्त्यावर आखाडा बाळापूरच्या अलीकडे-पलीकडे कुणी दुचाकीवरून पडला, तर आठ मिनिटांत हेलिकॉप्टर येणार नाही. पहिल्यांदा पोचणार ते मागून येणारे तुम्ही-आम्हीच. आणि आपण कचरतो, कारण पोलीस, साक्ष, कोर्टाच्या चकरा यांची भीती मनात असते. तिला आता आधार उरलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आले आहे. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही, हे २०२० च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा गाडी बाजूला घ्या, १०८ लावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाजवळून उठू नका.