अरीय ग्लियल कोशिका
गर्भावस्थेत मेंदूच्या भित्तीत आढळणाऱ्या लांबट जनक कोशिका. यांचे मुख्य शरीर मस्तिष्कविवरालगत असते. तेथून निघालेला बारीक तंतू भित्तीची सर्व जाडी ओलांडून मेंदूच्या बाह्य पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. चाकाच्या आऱ्यांसारख्या या मांडणीवरून त्यांना ‘अरीय’ म्हणतात. तंत्रिका कोशिका निर्माण करणे आणि त्यांना बाह्यकातील नियोजित स्थानी जाण्यासाठी मार्ग पुरविणे, अशी दुहेरी कार्ये त्या करतात. या कोशिका एकोणिसाव्या शतकातच दिसल्या होत्या. तथापि त्यांचे मातृत्व सिद्ध होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

या विलंबाचे एक कारण नावातच आहे. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस असा आहे. तंत्रिका कोशिकांना चिकटवून ठेवणारे द्रव्य या अर्थाने जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये ‘न्यूरोग्लिया’ ही संज्ञा रूढ केली. पुढे कामील्लो गॉल्जी यांनी पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट वापरून कोशिका काळ्या रंगविण्याची पद्धती शोधून काढली (१८७३). तिच्या साहाय्याने प्रथम कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूत आणि १८८८ मध्ये जूझेप्पे माजीनी यांना सस्तन प्राण्यांच्या गर्भाच्या मेंदूत अरीय तंतू दिसून आले. याच सुमारास व्हिल्हेल्म हिस यांनी भ्रूणाच्या मेंदूत कोशिकांची दोन स्वतंत्र कुळे मानली : विवरालगतच्या वाटोळ्या, विभाजन पावणाऱ्या कोशिकांपासून तंत्रिका कोशिका होतात, तर लांबट कोशिका केवळ आधाराचा सांगाडा बनवितात. विकासाच्या अखेरीस लांबट कोशिकांचे रूपांतर तारकाकृती ग्लियल कोशिकांत होते, असे सान्त्यागो रामॉन ई काहाल इत्यादींना आढळल्याने या मतास पुष्टीच मिळाली.

वाटोळ्या कोशिका हे स्वतंत्र कूळ नसून लांबट कोशिकाच विभाजनाच्या वेळी विवराकडे येऊन वाटोळ्या होतात, हे एफ्. सी. सावर यांनी १९३५ मध्ये दाखविले. तरीही दोन कुळांची कल्पना मागे पडली नाही.

१९७१-७२ मध्ये पास्को राकिच यांनी माकडाच्या गर्भाच्या मेंदूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण केले. नवजात तंत्रिका कोशिका अरीय तंतूंना बिलगून बाह्यकाकडे सरकतात, असे त्यांना दिसले. अरीय ग्लियल कोशिका हे नावही त्यांनीच रूढ केले. बाह्यकाचे खोलवरचे थर आधी व वरचे नंतर तयार होत असल्याने मागाहून निघालेल्या कोशिकांना आधीचे थर ओलांडून जावे लागते. या प्रवासात तंतूचा आधार महत्त्वाचा ठरतो. अशा रीतीने या कोशिकांना वाटाड्याचा मान मिळाला. पण ग्लियल कोशिकांना विशेष असलेली प्रथिने त्यांत आढळत असल्यामुळे त्या तंत्रिका कोशिकांच्या जनक असू शकतील, ही शक्यता दुर्लक्षितच राहिली.

हे चित्र २००० मध्ये पालटले. पाओलो मालातेस्ता, माग्डालेना ग्योट्स व त्यांचे सहकारी यांनी अरीय कोशिका वेगळ्या काढून वाढविल्या असता त्यांपासून तंत्रिका कोशिका निर्माण झाल्या. पुढील वर्षी स्टीव्हन नॉक्टर, आर्नल्ड क्रीगस्टाइन व सहकारी यांनी उंदरांच्या वर्गातील घुशीसारख्या प्राण्याच्या (रॅटच्या) गर्भाच्या मेंदूतील अरीय कोशिका प्रकाशमान प्रथिनाने अंकित केल्या. विभाजनातून जन्मलेली तंत्रिका कोशिका आपल्या मातृकोशिकेच्याच तंतूवरून वर सरकताना त्यांना दिसली. जनक आणि वाटाड्या एकच आहेत, हे त्यावरून स्पष्ट झाले. विवरापासून दूर असलेल्या, पण अरीय तंतू धारण करणाऱ्या जनक कोशिका मानवी गर्भात विपुल असल्याचे २०१० मध्ये आढळले. मानवी बाह्यकाच्या मोठ्या विस्ताराशी त्यांचा संबंध जोडला जातो.

या ज्ञानाचे वैद्यकीय महत्त्व २०१५ मध्ये ब्राझीलमधील झिका व्हायरसाच्या साथीत प्रत्ययास आले. गर्भवतींना संसर्ग झाल्यावर काही अर्भके अतिशय लहान डोक्याची जन्मली. हा व्हायरस अरीय व इतर जनक कोशिकांत शिरून त्यांच्या विभाजनात व्यत्यय आणतो आणि त्यांचा नाश करतो, असे पुढील वर्षीच्या प्रयोगांत आढळले. अशा वेळी तंत्रिका कोशिकांची संख्या घटते आणि त्यांच्या प्रवासाचा मार्गही विस्कळीत होतो. केवळ सरस म्हणून ज्यांची गणना झाली, त्या कोशिकांच्या ऱ्हासाने मेंदूची उभारणीच खुंटते.