इस्ट्रोजेन आणि रक्तवाहिनीचे वय
इस्ट्रोजेन हृदयाचे रक्षण करते, या समजुतीचा इतिहास मला उद्बोधक वाटतो. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो, यावरून अमेरिकेत १९६०च्या दशकात हे संप्रेरक चक्क हृदयरुग्ण पुरुषांना देऊन पाहिले गेले. झटके वाढले, १९७० मध्ये मोठी मात्रा थांबवावी लागली. तरी १९८५ मध्ये परिचारिकांच्या पाहणीत गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी आढळला. प्रयोगशाळेचाही दुजोरा होता : इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि वाहिनी सैलावते.

पुढे १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनांचा कर्करोग वाढला होता. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हा तपशील मागे पडला. निरोगी अस्तराला जे मानवते, ते चरबी साचलेल्या वाहिनीला मानवेलच असे नाही. आज केवळ हृदयरक्षणासाठी हे औषध देत नाहीत. पन्नाशीतल्या स्त्रीला रजोनिवृत्तीचा त्रास असेल, तर तपासून देतात. मला वाटते, पेशींची साक्ष खरीच होती. ती कोणत्या वयाच्या वाहिनीला लागू पडते, हे विचारायला मात्र उशीर झाला.