घनाकृती प्रवाळ मत्स्यालय : नळजोडणी व मांडणी

लांबी, रुंदी व उंची समान असलेल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ, त्यांच्यासोबतचे अपृष्ठवंशी प्राणी आणि मोजके मासे खाऱ्या पाण्यात जोपासण्याची व्यवस्था. दर्शनी टाकी, तिच्याखालील कपाटात ठेवलेली दुसरी टाकी (हिला सर्वत्र ‘संप’ म्हणतात) आणि या दोहोंना जोडणारे नळ हे तिचे मुख्य भाग. वरचे पाणी गुरुत्वाने खाली उतरते, संपमध्ये शुद्ध होते आणि पंपाने पुन्हा वर जाते. टाकीला भोके पाडून ती जागेवर बसली की नळजोडणीतील चुका सुधारणे अवघड होते. म्हणून नळांचा आराखडा टाकी बनवून घेण्यापूर्वीच पूर्ण करतात. या नोंदीतील आकडे ६० सेंमी. बाजूच्या, १२ मिमी. जाड काचेच्या घनाचे आहेत.

पूर्वपीठिका : घरगुती टाकीत प्रवाळ जगवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत जाकार्ताचे ली चिन एंग यांचे नाव घेतले जाते. जिवंत खडक (जीवाणू व सूक्ष्मजीव वसलेला प्रवाळभित्तीचा खडक), समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणारी त्यांची पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. जिवंत खडक व प्रथिन-फेसक (पाण्यातील सेंद्रिय कचरा फेसासोबत बाहेर काढणारे उपकरण) यांवर आधारलेली ‘बर्लिन पद्धत’ पुढे जर्मनीत रूढ झाली. अमेरिकेत १९८६ मधील जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनंतर टाकीखालच्या गाळणीचा प्रसार वाढला. आजचा संप याच परंपरेतला आहे. या पद्धतींच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत.

आकाराचे परिणाम : समोरून मागेपर्यंतची खोली उंचीइतकीच असल्याने खडकांची रचना तिन्ही बाजूंनी पाहता येते आणि एका मध्यवर्ती दिव्याने सगळा तळ उजळतो. हे घनाचे मोठे फायदे. तोटे पाण्याच्या हालचालीत दिसतात. पंपाचा झोत समोरच्या काचेवर लवकर आदळून मोडतो आणि कोपऱ्यांत पाणी साचून राहते. त्यामुळे एका मोठ्या प्रवाहपंपाऐवजी दोन लहान पंप वेगवेगळ्या उंचीवर लावून ते आलटून पालटून चालवणे श्रेयस्कर असते. मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत हात पोहोचणे कठीण असल्याने खडक मागच्या काचेपासून निदान ८–१० सेंमी. दूर ठेवतात. काचेची जाडी पाण्याच्या उंचीवर आणि काचेच्या लांबीवर ठरते. टाकीत एकूण किती लिटर पाणी आहे यावर नव्हे.

भार व जागा : या टाकीचा अंतर्गत तळ ५७.६ × ५७.६ सेंमी. भरतो. काठाखाली ४ सेंमी. जागा सोडल्यास तिच्यात सुमारे १८० लि. पाणी मावते. काच ५२ किग्रॅ., पाणी १८५ किग्रॅ.; त्यात खडक, वाळू, कपाट व भरलेला संप मिळवला की एकूण भार ४०० किग्रॅ.च्या आसपास जातो आणि तो जेमतेम ०.३६ चौ.मी. जागेवर येतो. भारतीय मानक ८७५ मध्ये निवासी खोलीसाठी चौ.मी.ला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किग्रॅ. भार धरलेला आहे. तो संपूर्ण लादीवर समान पसरलेला भार असल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईजवळ, भिंतीलगत ठेवणे इष्ट. जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याचे मत घ्यावे. बाहेरील निचरापेटी (टाकीतून ओसंडणारे पाणी जेथे प्रथम पडते ती पेटी) असेल तर भिंत व टाकी यांत हात जाईल एवढी, म्हणजे सु. १५ सेंमी. फट लागते. ती न सोडल्यास पुढे गळणाऱ्या जोडापर्यंत पोहोचता येत नाही.

निचरा : दर्शनी टाकीचे पाणी पृष्ठभागावरूनच घेतात, कारण तेलकट, प्रथिनयुक्त पापुद्रा तेथे जमतो. दातेरी बांधावरून पाणी निचरापेटीत पडते व तेथून नळांत शिरते. बांधाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ताशी साधारण १०० लि. हा प्रचलित अंदाज आहे. त्यानुसार ताशी ९०० लि. प्रवाहाला ९ सेंमी. पुरेसे ठरतात, पण २५–३० सेंमी. लांब बांधावर पाण्याचा थर पातळ राहतो आणि पापुद्रा अधिक चांगला ओढला जातो. कोपऱ्यातील अंतर्गत पेटी घनाचा बराच तळ खाते. म्हणून टाकीच्या आत अरुंद आणि मागच्या काचेबाहेर रुंद अशी दुभागलेली पेटी या आकाराला सर्वांत योग्य होय.

नळांच्या तीन पद्धती परिचित आहेत. डर्सो पद्धतीत हवेचे छिद्र असलेला एकच उभा नळ असतो. ती सोपी आहे, परंतु नळ तुंबल्यास दुसरा मार्ग उरत नाही. हर्बी पद्धतीत दोन नळ असतात : एक पूर्ण भरून सायफनने वाहणारा, दुसरा आपत्कालीन. बीनअॅनिमल पद्धतीत तीन नळ असतात. पहिला सायफन जवळजवळ सर्व पाणी नेतो आणि त्याचा वेग व्हॉल्व्हने नेमका जुळवला जातो. दुसऱ्या, खुल्या नळातून फक्त पातळ धार वाहते आणि पातळीतील लहान चढउतार तो सांभाळतो. तिसऱ्याचे तोंड सर्वांत वर असते व तो एरवी कोरडा राहतो. खुल्या नळाच्या माथ्यावरून निघणाऱ्या बारीक हवानळीचे टोक निचरापेटीतील नेहमीच्या पातळीच्या थोडे वर ठेवतात. पहिला नळ तुंबून पाणी चढले की हे टोक बुडते, हवा बंद होते आणि दुसरा नळ आपोआप सायफन होतो. या रचनेत कोणताही फिरता भाग नाही, विजेची गरज नाही, आवाजही जवळजवळ नाही. घरगुती मत्स्यालयासाठी सुचलेल्या युक्त्यांत हिचे स्थान फार वरचे आहे.

सायफनचे खालचे टोक संपच्या पाण्यात २–३ सेंमी.च बुडवावे. अधिक बुडवल्यास नळातील हवा बाहेर पडत नाही आणि वीज परत आल्यावर सायफन सुरू होण्यास वेळ लागतो. वेग जुळवण्यासाठी गेट व्हॉल्व्ह वापरतात. बॉल व्हॉल्व्हची मूठ किंचित हलली तरी प्रवाह खूप बदलतो. तिसऱ्या नळावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नये.

संप व पाण्याचा हिशेब : संपचे आकारमान ‘शक्य तेवढे मोठे’ असे सांगण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात ते दोन अपघातांच्या गणितातून ठरते.

पहिला अपघात वीज जाण्याचा. पंप थांबल्यावर बांधाच्या वरचे पाणी उतरते आणि परतीचा नळ उलटा सायफन होऊन आपल्या तोंडापर्यंतचे पाणी खाली ओढतो. या टाकीत पातळी १ सेंमी. उतरली की सुमारे ३.३ लि. पाणी खाली येते. परतीचे तोंड पृष्ठभागाखाली ४ सेंमी. असल्यास १३ लि., निचरापेटी व नळांतील ६–७ लि., मिळून २० लि. ५० × ४५ × ४० सेंमी. बाहेरील मापाच्या संपमध्ये पाणी २३ सेंमी. उंचीवर चालत असेल, तर वर सु. ३४ लि. जागा मोकळी असते. तेव्हा हिशेब बसतो. तेच तोंड १५ सेंमी. खाली नेल्यास ५६ लि. पाणी येईल आणि त्यातले २० लि.हून अधिक फरशीवर सांडेल. पृष्ठभागालगत नळाला पाडलेले सायफन तोडणारे छिद्र उपयोगी असते, परंतु ते शेवाळाने बुजते. एकदिशा व्हॉल्व्हमध्ये चुनखडीचे कवच किंवा एखादी गोगलगाय अडकली की तो मिटत नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी जोडीला असाव्यात, पण हिशेब त्या नाहीत असे धरूनच करावा.

दुसरा अपघात याच्या उलट : सर्व निचरा तुंबतो आणि पंप चालूच राहतो. अशा वेळी संपच्या परतीच्या, म्हणजे पंप ठेवलेल्या कप्प्यातील पाणी वर जाते. वर काठापर्यंत ४ सेंमी., म्हणजे सु. १३ लि. जागा आहे. कप्पा २० सेंमी. रुंद आणि त्यात १८ सेंमी. पाणी असेल तर ते १५ लि.हून अधिक भरते, म्हणजे टाकी ओसंडेल. १५ सेंमी. रुंद कप्प्यात पाणी १२ लि.पेक्षा थोडे कमी असते व ते सामावते. अर्थात लहान कप्प्यात बाष्पीभवनाचा परिणाम लगेच दिसतो : १ लि. पाणी उडाले की पातळी दीड सेंमी. घटते आणि क्षारता वाढते. त्यामुळे गोडे पाणी आपोआप भरणारे यंत्र आवश्यक ठरते. कप्पा रिकामा झाल्याचे पाहून हेच यंत्र दुसऱ्या अपघातात गोडे पाणी ओतत राहील, म्हणून सांडणारे पाणी मर्यादित राहावे यासाठी त्याची साठवण टाकी लहान, ८–१० लि.ची ठेवावी.

संपमध्ये निचऱ्याचा कप्पा, प्रथिन-फेसकाचा कप्पा व परतीचा कप्पा हा क्रम असतो. फेसकाला १८–२३ सेंमी. स्थिर पातळी लागते. ती कप्प्यांमधील पडद्यांच्या उंचीने मिळते. पाण्यातील पोषकद्रव्ये शोषणाऱ्या कीटोमॉर्फा शैवालाचा कप्पा ऐच्छिक.

परतीचा मार्ग : संपमधून ताशी किती वेळा पाणी फिरावे याबाबत ३ ते १० पट अशी भिन्न मते आढळतात. ५ पट धरल्यास ताशी ९०० लि. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. येथे उभी चढण सु. १.२ मी. असून एल्बो व नळांचे घर्षण वेगळे. म्हणून छापील क्षमता दुप्पट ते तिप्पट असलेला, शक्यतो वेग बदलता येणारा डीसी पंप घेतात. २५ मिमी. बाहेरील व्यासाच्या नळात या प्रवाहाचा वेग सेकंदाला सु. ०.७ मी. राहतो, तो योग्य आहे. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन एल्बो वापरल्यास रोध घटतो. पंप व कडक नळ यांच्यामध्ये मऊ नळीचा तुकडा असल्यास कंपने कपाटात उतरत नाहीत. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ युनियन बसवावी, म्हणजे नळ न कापता पंप काढता येतो.

साहित्य : यूपीव्हीसी वा सीपीव्हीसी नळ, सॉल्व्हंट सिमेंटचे जोड, काचेतून नळ नेण्यासाठी रबरी वॉशरचे टँक निपल. भारतीय बाजारात मापांचा घोळ मोठा आहे. दुकानात ‘एक इंची’ म्हणून मिळणाऱ्या नळाचा बाहेरील व्यास मेट्रिक असल्यास ३२ मिमी., इंची मालिकेत ३३.४ मिमी. आणि सीपीव्हीसीत २८.६ मिमी. असतो. हे नळ एकमेकांच्या जोडात बसत नाहीत आणि सिमेंट ओतून बसवलेला जोड पुढे गळतो. सर्व भाग एकाच मालिकेचे घ्यावेत आणि काचेचे भोक टँक निपल हातात आल्यावरच त्याच्या मापाने पाडावे. टफन्ड काच भोक पाडताना फुटते. भोकाची कड व काचेची कड यांत निदान भोकाच्या व्यासाएवढे अंतर असावे. पितळी व्हॉल्व्ह, तांबे व गॅल्व्हनाइज्ड लोखंड वर्ज्य. तांबे अपृष्ठवंशी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते.

तापमान : प्रवाळांना २४–२७° से. मानवते. कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत पंख्याने होणारे बाष्पीभवन अपुरे पडते आणि पाणी थंड करणारा चिलर लागतो. तो कपाटाबाहेर, हवा खेळेल अशा जागी ठेवावा. त्याला संपमधील स्वतंत्र लहान पंप दिल्यास परतीच्या मार्गावर रोध वाढत नाही.

वीज : सर्व उपकरणे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचमागे) असावीत. वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन वर आणाव्यात, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत जात नाही. वीज गेल्यावर मासे गुदमरतात ते हालचाल थांबून प्राणवायू घटल्याने. म्हणून इन्व्हर्टरवर सर्वप्रथम प्रवाहपंप घ्यावा. भारनियमनाच्या भागात बॅटरीवरचा हवापंप हाताशी ठेवावा.

चाचणी : सिमेंट २४ तास वाळू देऊन टाकी साध्या पाण्याने भरतात आणि एक-दोन दिवस जोड कोरड्या कागदाने तपासतात. त्यानंतर पंप मुद्दाम बंद करून संपची सर्वोच्च पातळी पाहतात व त्या बेताने चालू पातळीची रेघ काचेवर मारतात. मग सायफन नळ हाताने बंद करून दुसरा व तिसरा नळ पाणी पेलतात का ते पाहतात. या दोन्ही चाचण्या झाल्याशिवाय टाकीत मीठ घालू नये.

पाणी व जीव : आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात कृत्रिम समुद्रमीठ मिसळतात; क्षारता हजारी ३५ ठेवतात. टाकीत जीवाणू स्थिरावून अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावर जीव सोडतात.

कायदा : दगडी प्रवाळांचे सर्व प्रकार, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवण असो वा अरबी समुद्रातील अँग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभित्ती, भारतीय समुद्रातून असे प्रवाळ काढणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. प्रवाळभित्तीतून उचललेला ‘जिवंत खडक’ही त्याच कक्षेत येतो; त्याऐवजी मृत्तिकेचा कृत्रिम खडक वापरतात. परदेशातील दगडी प्रवाळ साइट्स या संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्याने त्यांच्या आयातीस परवाने लागतात.