तो गेल्यावर तिथं कोण राहिलं?

शाळेच्या स्मरणिकेत शाळा सोडून सिंगापूरबद्दल काय लिहितेस, असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच. पण याचं खापर आपल्या इतिहासाच्या बाईंवर फोडा. ‘अमक्याने अमुक साली तमुक शहर वसवले’ असं आपण पेपरात लिहिलं, की बाई वर्गात विचारायच्या, “बरं, आणि तो गेल्यावर तिथं कोण राहिलं?” आपण सगळे खाली बघायचो. नोकरीनिमित्त अकरा वर्षं सिंगापुरात काढल्यावर एका शहरापुरतं तरी उत्तर माझ्याकडे आहे.

इथं जिकडे तिकडे स्टॅम्फर्ड रॅफल्स आहे. शाळा, हॉटेल, चौक, रुग्णालय, सगळ्याला त्याचं नाव. 6 फेब्रुवारी 1819 रोजी त्यानं सुलतान हुसेन आणि तेमेंगगोंग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून ईस्ट इंडिया कंपनीची वखार इथं आणली. सुलतानाला वर्षाला 5000 स्पॅनिश डॉलर, तेमेंगगोंगला 3000. करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी साहेब जहाजात बसून निघून गेले! मागे राहिला मेजर विल्यम फार्कर, मद्रास इंजिनिअर्सचा अधिकारी. म्हणजे आमच्याच बिरादरीतला.

त्याच्या हातात काय होतं? दलदल, जंगल आणि मोजके शिपाई. डच कधीही चालून येतील अशी धास्ती, आणि पिनांगच्या ब्रिटिश गव्हर्नरनं सुरुवातीला मदतच नाकारलेली. बंदरात जकात घ्यायची नाही आणि खर्चही वाढवायचा नाही, असा रॅफल्सचा हुकूम. मग पैसा आणायचा कुठून? फार्करनं अफू, दारू आणि जुगाराचे परवाने विकले. त्यातून पोलीस ठेवले, रस्ते काढले. त्याआधी तो मलाक्यात पंधराएक वर्षं होता, मलय भाषा बोलायचा. त्याच्या शब्दावर तिथले लोक नव्या वस्तीत आले. उंदरांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यानं मारलेल्या उंदरामागे बक्षीस लावलं, ही गोष्ट मुन्शी अब्दुल्लानं आपल्या आत्मचरित्रात रंगवून सांगितली आहे. हा मुन्शी रॅफल्सचा लेखनिक आणि मलयचा जाणकार; त्याच्यामुळेच त्या काळातली माणसं आपल्याला चालती-बोलती दिसतात. 1824च्या पहिल्या जनगणनेत वस्ती 10,683 भरली.

ऑक्टोबर 1822 मध्ये रॅफल्स परत आला आणि भडकला. सरकारी कामासाठी राखलेल्या नदीकाठावर व्यापाऱ्यांनी गोदामं बांधली होती. फार्करचं म्हणणं, राखून ठेवलेल्या दुसऱ्या किनाऱ्यावर माल उतरवता येत नाही. मला हा वाद फार ओळखीचा वाटतो. कागदावरचा आराखडा एकाचा, रोजचं गाडं ओढायचं दुसऱ्यानं. मी स्वतः चार वर्षं रात्री-अपरात्री फोन घेऊन सांभाळलेल्या एका प्रणालीच्या समारंभाच्या फोटोत मी नाही, तेव्हा माझं मत फार्करच्या बाजूनं झुकणार हे आधीच सांगून टाकते.

पण बाईंनी अर्धंच उत्तर चालवून घेतलं नसतं. रॅफल्स गुलामांच्या व्यापारावर संतापला होता, आणि फार्करच्या राज्यात तो उघड चालला होता. तिथं फार्करची बाजू मला घेता येत नाही. जुगारही रॅफल्सनं बंद केला. त्याच्यानंतर आलेल्या क्रॉफर्डनं परवाने पुन्हा सुरू केले, कारण तिजोरी तीच होती.

11 मार्च 1823 ला सय्यद यासिन नावाच्या माणसानं फार्करला भोसकलं. तो जागीच मारला गेला, तरी रॅफल्सनं त्याचं प्रेत पिंजऱ्यात घालून लोकांपुढे टांगायला लावलं. पुढे मलय लोक त्याच्या कबरीला पवित्र मानू लागले. फार्कर वाचला, पण मे महिन्यात रॅफल्सनं त्याला पदावरून काढलं. जूनमध्ये जाता जाता त्यानं एका शाळेची पायाभरणी केली, तीच आजची रॅफल्स इन्स्टिट्यूशन. इमारत मात्र कित्येक वर्षं अर्धवट पडली. क्रॉफर्डला त्यात रस नव्हता, आणि तिथं वर्ग भरायला 1837 उजाडलं.

वर्षअखेरीस फार्कर निघाला तेव्हा किनाऱ्यावर निरोपाला गर्दी लोटली. चिनी रहिवाशांनी भेट दिलेलं चांदीचं मोठं शोभापात्र आज इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लंडनला जाऊन त्यानं कंपनीच्या संचालकांकडे दाद मागितली, की वस्ती उभी करण्यात माझाही वाटा आहे. संचालकांनी ते मानलं नाही. 1839 मध्ये तो वारला. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावी त्याच्या थडग्यावर मात्र सिंगापूरची वसाहत यानं स्थापली, असं कोरलेलं आहे.

2019 मध्ये इथं द्विशताब्दी झाली. नदीकाठचा रॅफल्सचा पांढरा पुतळा अशा रंगानं रंगवला, की समोरून पाहिलं तर तो मागच्या उंच इमारतीत विरून जावा. मग त्याच्या शेजारी आणखी चार पुतळे उभे केले: सांग निला उतामा, तान तोक सेंग, मुन्शी अब्दुल्ला, आणि विटांची भट्टी काढून पुढे श्रीमरिअम्मनचं देऊळ उभारणारे नारायण पिल्लै. दुपारच्या सुट्टीत मी मुद्दाम बघायला गेले. फार्कर त्यांत नव्हता.